शंभर यार्ड मोजायचे कसे? तंबाखूविरोधी कामात गोव्यातल्या तरुणांना उतरवताना

तंबाखूविरोधी दिन म्हटला की काय होते ते सगळ्यांना पाठ आहे. चित्रकला स्पर्धा होते, त्यात निम्म्या चित्रांत कवटी असते. शपथ होते, फोटो होतो आणि बटाटेवडा खाऊन मुले घरी जातात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाला टेकलेला गाडा जिथल्या तिथे असतो. मुलांना हे बरोबर दिसते, आणि घ्यायचा तो धडा ती घेतात.

त्यातून जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो. तेव्हा गोव्यातल्या शाळा सुट्टीत असतात. परिपत्रक आले म्हणून चार मुले बोलावून फोटो काढण्यापेक्षा हे काम जूनमध्ये गट बांधून सुरू करावे आणि शाळेभोवती शंभर यार्डांच्या आत तंबाखू कुठे विकला जातो, आवारात थोटके किती पडतात, याची खरी मोजणी पाऊस ओसरल्यावर करावी. पावसाळ्यात सिगारेटची थोटके वाहून जातात, पिंकांचे डाग धुतले जातात, काही गाडे ताडपत्री ओढून बंद असतात. जुलैत मोजलेली शाळा उगाच स्वच्छ निघते.

शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, गावातल्या क्लबांचे कार्यकर्ते आणि अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलेमुली यांच्यासाठी हा मजकूर आहे. कामाचा क्रम असा: आधी मोजायचे, मग लिहायचे, मग पाठपुरावा करायचा. पोस्टरला यात जागा आहे, पण शेवटची.

आधी एका आक्षेपाचे उत्तर तयार ठेवा

"गोव्यात हा प्रश्नच नाही" हे वाक्य पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. त्याला आधारही आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशात २८.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते आणि गोव्यात ९.७ टक्के. हा सगळ्या राज्यांत सर्वांत कमी आकडा होता. पण ती १५ वर्षांवरच्या सगळ्यांची सरासरी आहे. नववीतल्या मुलाच्या हातात काय आहे ते तिच्यातून कळत नाही. १३ ते १५ वयोगटाच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत ८.५ टक्के मुले तंबाखूचे काही ना काही सेवन करताना आढळली. तुमच्या शाळेचा आकडा याहून कमी असेल किंवा जास्त असेल. आक्षेपाला उत्तर म्हणून "मग मोजूया की" एवढे पुरते.

गोव्याला या कामाची जुनी सवय आहे, हेही मुलांना सांगा. देशाचा कायदा २००३ चा, पण धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा गोव्याचा स्वतःचा कायदा १९९७ चा आहे. गुटख्यावर गोव्याने २००५ मध्ये बंदी आणली. त्याही आधी, १९९६ साली, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये गोव्यातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास छापून आला होता. सिगारेटच्या ब्रँडने पुरस्कृत केलेली क्रिकेट मालिका टीव्हीवर पाहून मुलांच्या मनात सिगारेट आणि चांगला खेळ यांची सांगड बसते का, हे त्यात तपासले होते. उत्तर 'बसते' असे आले.

कायदा: एका पानात मावेल एवढाच

मुलांना सगळा कायदा शिकवू नका. २००३ च्या कोटपा कायद्यातली, म्हणजे सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांच्या देशव्यापी कायद्यातली, चार कलमे पुरेत. कलम ४: सार्वजनिक जागी धूम्रपान बंद. कलम ५: जाहिरात बंद. कलम ६: अठराखालच्यांना विक्री बंद, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विक्री बंद. कलम ७: वेष्टनावर इशारा, जो आता पुढच्या-मागच्या भागाचा ८५ टक्के असावा लागतो. कलम ४ आणि ६ चा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, त्यामुळे "कायद्याला दात नाहीत" असे लोक म्हणतात. अल्पवयीनाला तंबाखू देण्याबाबत मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ आहे. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम गटाला माहीत असावे, पण गाड्यावर जाऊन कुणी ते तोंडावर फेकू नये. धमकी दिली की बोलणे तिथेच संपते.

ई-सिगारेटचा कायदा वेगळा आहे, २०१९ चा. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळेच बंद. तिथे वयाचा प्रश्न येत नाही. दिसायला पेनड्राइव्ह किंवा हायलायटर, वासाला आंबा नाहीतर पुदिना. शिक्षकांना ती ओळखता येत नाही, मुलांना येते. तेव्हा या विषयात मुलांनाच शिकवू द्या.

गट बांधणे

आठ ते बारा जण पुरे. वीस झाले की सहा काम करतात आणि चौदा फोटोत येतात. नववी-दहावी आणि हायर सेकंडरी यांचा मिश्र गट चांगला चालतो, आणि त्यात अठरा पूर्ण झालेले किमान दोघे हवेत. त्यांची गरज पुढे ग्रामसभेत लागेल.

तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत नऊ निकष आहेत. त्यांत 'तंबाखू मॉनिटर' नेमायला सांगितले आहे आणि नववीपासूनचे विद्यार्थीही मॉनिटर होऊ शकतात. म्हणजे मुलांना अधिकृत पद देण्याची सोय आहे, ती वापरा. मॉनिटरची नावे शाळेच्या फलकावर यायला हवीत. मात्र अल्पवयीन मुलांचे फोन नंबर फलकावर टाकू नका, तिथे शिक्षकांचा द्या.

हुशार, शिस्तीची, वक्तृत्व स्पर्धेतली मुले निवडण्याचा मोह होतो. फुटबॉल संघातला एक, दिवाळीत नरकासुराचा पुतळा करणाऱ्या टोळीतला एक आणि ज्याच्या घरचे पोसरे, म्हणजे छोटे दुकान, आहे असा एक, हे तिघे गटात असतील तर काम निम्मे सोपे होते. नरकासुर जाळायच्या आदल्या रात्री जागरणात सिगारेट कुठल्या कोपऱ्यात फिरते ते वक्तृत्ववाल्या मुलीला माहीत नसते.

सुरुवातीलाच दोन कागद करा. पहिला पालकांचे संमतिपत्र, ज्यात काम काय, वेळ कोणती, सोबत कोण मोठे माणूस असणार हे लिहिलेले असावे. दुसरा पैशांविषयीचा एका ओळीचा नियम: तंबाखू कंपनी, तिचा वितरक, किंवा तंबाखूच्या ब्रँडच्याच नावाने वेलची, पान मसाला विकणारा, यांच्याकडून काहीही घ्यायचे नाही. टी-शर्ट नाही, ट्रॉफी नाही, पाण्याच्या बाटल्याही नाहीत. क्लबच्या स्पर्धेचा प्रायोजक कोण आहे हे आधी बघा. अशा कामाची गाडी बहुधा इथेच रुतते.

मोजणी

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ३० मीटरची कापडी टेप तीनदा आणि वर १ मीटर ४४ सेंटिमीटर. नायलॉनची दोरी ओढली की लांबते, तेव्हा दोरीवर गाठी मारून मोजू नका.

मोजायचे कुठून, यात सगळ्यात जास्त चुका होतात. अंतर फाटकापासून धरत नाहीत. कुंपणाच्या, भिंतीच्या बाहेरच्या हद्दीपासून, त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत धरतात. रस्त्याची वळणे त्यात येत नाहीत. समजा शाळेचे फाटक हमरस्त्याला आहे आणि गाडा मागच्या वाटेवर. फाटकातून रस्त्याने चालत गेलात तर १५० मीटर भरतील, आणि सगळे "तो बाहेर आहे" म्हणून परततील. पण शाळेचे मैदान मागे पसरलेले असते. मैदानाच्या मागच्या चिऱ्यांच्या गडग्यापासून तोच गाडा ६० मीटरवर निघतो. म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी शाळेची हद्द पायी फिरून कागदावर काढा. कुठला गडगा शाळेचा आणि कुठला शेजाऱ्याचा हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

मध्ये घर, शेत किंवा व्हाळ आला तर टेप चालत नाही. तेव्हा फोनवरच्या उपग्रह नकाशात अंतर मोजायची सोय वापरा. फोनच्या जीपीएसवर मात्र उभे राहून विसंबू नका. पाच-दहा मीटरची चूक नेहमीची असते, आणि माडांखाली ती वाढते. नकाशात ८५ ते ९८ मीटरच्या मध्ये आलेला प्रत्येक गाडा टेपने पुन्हा मोजा. भांडण होते ते याच पट्ट्यातल्या गाड्यांवरून.

तिघांची एक तुकडी: एक टेप धरणारा, एक लिहिणारा, एक रस्त्यावर नजर ठेवणारा. सोबत एक मोठे माणूस. दोन फेऱ्या करा, एक सकाळी शाळा भरताना आणि एक संध्याकाळी पाचनंतर. काही गाडे फक्त संध्याकाळी लागतात आणि सकाळच्या मोजणीत सुटतात.

प्रत्येक विक्रीच्या जागेसाठी एक ओळ लिहायची. रकाने असे: क्रमांक, जवळची खूण (मालकाचे नाव नको), गाडा, पोसरे की बार, अंतर, तंबाखू उघड्यावर दिसतो का, सुटी सिगारेट विकली जाते का, 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा गुन्हा' हा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक आहे का, जाहिरात आहे का, बरणी जमिनीपासून किती उंचीवर आहे, शेजारी चॉकलेट-गोळ्या आहेत का, काउंटरवर मूल बसते का. दिसले तर १, नाही दिसले तर ०, कळले नाही तर ९. हा ९ महत्त्वाचा आहे. तो नसेल तर मुले अंदाजाने ० भरतात आणि सगळा तक्ता फसतो.

सुट्या सिगारेटचा रकाना का, ते मुलांना समजावून सांगा. सुटी घेतली की पाकीट हातात येत नाही, म्हणजे ८५ टक्के जागेवरचा इशाराही डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय खाऊच्या पैशांत एकच मिळते. सुरुवात करणाऱ्याला एकच हवी असते.

दोन गोष्टी सक्त बंद. अल्पवयीन मुलाला 'देतो का बघू' म्हणून खरेदीला पाठवायचे नाही. आणि माणसांचे, विशेषतः मुलांचे, चेहरे फोटोत घ्यायचे नाहीत. फलकाचा, बरणीचा, जाहिरातीचा फोटो चालतो. वाद सुरू झाला तर वही मिटून निघून यायचे. उरलेली नोंद दुसऱ्या दिवशी होते.

शाळेच्या आवारातली मोजणी वेगळी करा. चार जागा ठरवा: मागची भिंत, मुलग्यांचे शौचालय, वाहनतळ, मैदानाकडेचे झाड. हातमोजे घाला, चिमट्याने थोटके आणि पुड्या उचला आणि जागेनुसार मोजा. वाहनतळावरची थोटके बहुतेक मोठ्यांची निघतात. हा आकडा शिक्षक-पालक बैठकीत जरूर वाचावा.

गाडेवाल्याशी बोलणे

गाडेवाला गावातलाच असतो, मुलांना नावाने ओळखतो, कधीकधी उधारीही देतो. त्याला गुन्हेगार ठरवून सुरुवात केली तर पंचही त्याच्याच बाजूने उभे राहतील. सोबत मोठे माणूस असावे, पण बोलावे मुलांनी. साधे बोलणे पुरते:

"काका, शाळेतर्फे आलोय. अठरावाला फलक कायद्याने लावावा लागतो, तो आम्हीच करून आणलाय. पैसे नकोत. कुठे लावूया ते तुम्ही सांगा."

पण हे फक्त १०० यार्डांच्या बाहेरच्या गाड्यावर. आतल्या गाड्यावर हा फलक कधीही लावू नका. उत्साही गट ही चूक हमखास करतात. आत विक्रीच बंद आहे, आणि तिथे 'अठराखालच्यांना नाही' असे लिहिले की अठरावरच्यांना विकायला शाळेनेच परवानगी दिल्यासारखे होते. आतल्या गाडेवाल्याला सांगायचे ते वेगळे: चहा, भजी, रिचार्ज, गोळ्या चालू ठेवा, तंबाखू काढा. त्याला दोन आठवड्यांची मुदत तोंडी द्या, तारीख वहीत लिहा.

फलक फ्लेक्सचा करू नका, पहिल्या वादळी पावसात फाटतो. पत्र्यावर ऑइल पेंट टिकतो. शाळेच्या फलकाचेही तेच. उघड्या चिऱ्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी गिलाव्याचा चौकोन करून घ्यावा किंवा पत्रा ठोकावा. रस्त्यावरची १०० यार्डांची पिवळी खूण नोव्हेंबरात मारावी. मेमध्ये मारलेली जुलैपर्यंत उरत नाही.

विक्रीच्या जागी कंपनीचा रंगीत फलक झळकत असेल तर तोही तपासा. नियमाने फलक दोनच, प्रत्येकी ६० बाय ४५ सेंटिमीटरपर्यंत, त्यावर ब्रँडचे नाव वा चित्र नाही, आणि वर आरोग्याचा इशारा. दिवे लावलेले, ब्रँडच्या रंगात रंगवलेले अख्खे गाडे या नियमात बसत नाहीत. अशी तक्रार गाडेवाल्यावर न करता फलक देणाऱ्यावर करावी, म्हणजे गाडेवालाही मदत करतो.

जो वापरतो त्याच्याशी

गटातली मुले हेर झाली की काम संपलेच. म्हणून एक नियम पाळा: मॉनिटर जागांची नोंद करतो, मित्रांची करत नाही. कोण ओढतो याची यादी कुठेही लिहायची नाही, मुख्याध्यापकांनी मागितली तरी नाही.

कर्करोगाचे भीषण फोटो दाखवून पंधरा वर्षांच्या मुलाला फारसे काही होत नाही. त्याला ते पन्नाशीतल्या कुणाचे तरी वाटतात. दुसऱ्या हाफमध्ये दम का लागतो, तोंडाला वास का येतो, हे त्याचे आजचे प्रश्न आहेत. पैशांचा हिशेबही त्याच्याकडूनच करून घ्या: रोज ३० रुपये म्हटले तर वर्षाला १०,९५०. घरात आजी मशेरी लावत असेल तर "ती सिगारेट नव्हे" असे तो म्हणेल. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यात निकोटिन असते, एवढे सांगून पुढे जा. आजीला नावे ठेवू नका.

सोडायचे ठरवलेल्याला नेमके काय होणार ते आधी सांगावे. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागा सोडून चालायला लागणे यांवर निभावते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात, चिडचिड होते, झोप बिघडते, मग काही आठवड्यांत ओसरते. एकदा पुन्हा ओढली म्हणजे सगळे वाया गेले असे नाही. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. फलकासमोर उभे राहून तो कुणी उतरवून घेणार नाही.

कागद आणि ग्रामसभा

मोजणी झाली की एका पानाचा अर्ज. विशेषणे नकोत. असा:

"आमच्या शाळेच्या हद्दीपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विक्रीच्या ३ जागा आढळल्या (तक्ता व नकाशा जोडला आहे). मोजणी दोन दिवस, सकाळी व संध्याकाळी केली. कोटपा कायदा २००३, कलम ६ नुसार येथे विक्रीस मनाई आहे. विनंती: १) संबंधितांना लेखी समज द्यावी. २) यापुढे परवाना देताना वा नूतनीकरण करताना १०० यार्डांची अट तपासावी. ३) केलेली कारवाई ३० दिवसांत कळवावी."

तीनच मागण्या, आणि तिन्ही अशा की पंचायतीला 'केले' किंवा 'केले नाही' एवढेच उत्तर देता येईल. 'जनजागृती करावी' अशी मागणी लिहिलीत तर उत्तरादाखल एक बॅनर मिळेल.

कुणाला द्यायचा? पंचायत सचिव किंवा नगरपालिकेचे मुख्याधिकारी, पोलीस ठाणे, आणि आरोग्य संचालनालयातला तंबाखू नियंत्रण कक्ष. गुटख्याच्या पुड्या सापडल्या तर अन्न व औषध प्रशासनाला वेगळा अर्ज. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही असे समजा.

ग्रामसभा रविवारी असते. तिचे सदस्य म्हणजे गावचे मतदार. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीला हक्काने ठराव मांडता येत नाही. इथे गटातले अठरावरचे दोघे लागतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. मतदारयादीत नाव आहे की नाही हे महिनाभर आधी पाहा. अठरा झाले पण नोंदणीच नाही, असे बरेचदा निघते. विषय सचिवाकडे लेखी आधी द्या. आयत्या वेळचा विषय म्हणून ठेवलात तर रस्ते, कचरा आणि पाण्याच्या मागे तो कुठल्या कुठे जातो. बोलायला तीन मिनिटे धरा आणि नकाशा ए-थ्री कागदावर छापून सरपंचांच्या टेबलावर ठेवा. लहान मुलांना बोलू द्यायचे असेल तर अध्यक्षांची परवानगी आधी मागा, बहुतेक देतात. पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त वाचले जाते तेव्हा ठराव त्यात नीट लिहिला आहे का ते ऐका. "चर्चा झाली" एवढेच लिहिले असेल तर तिथेच उभे राहून दुरुस्ती सुचवा.

३० दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये शुल्क, अठरावरच्याच्या नावाने, प्रश्न एकच. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कारवाईच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात." 'का केली नाही' असे विचारू नका, कारण विचारलेल्या 'का'ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, नोंदींच्या प्रती मात्र मिळतात.

वही

तीन महिन्यांनी तीच मोजणी, त्याच जागा, त्याच वेळा. गाडा शंभर यार्डांच्या रेषेबाहेर चार पावले सरकलेला दिसेल. तो कायद्यात बसतो, नोंद करा आणि सोडून द्या. चहाच्या टपरीत तंबाखू फळीखाली गेलेला दिसेल. तो बसत नाही, तेव्हा त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज करा.

दहावी-बारावीची मुले गेली की गट कोसळतो, म्हणून वही माणसाच्या नावावर न ठेवता शाळेच्या कपाटात ठेवा. त्यात तक्ते, शिक्के मारलेल्या प्रती, नकाशा आणि हद्दीचा कागद असावा. नव्या मॉनिटरने पहिल्या दिवशी जुन्या मॉनिटरसोबत टेप घेऊन एकच गाडा पुन्हा मोजावा. आकडा जुळला तर वही पुढे चालू. नाही जुळला तर टेप कुठल्या गडग्यापासून धरली होती ते आधी शोधा.